तळाशी बसलेले औषध

ज्याने एकाच मस्तकावर गंगेला आणि चंद्राला आसरा दिला, पाण्याला शुद्धी दिली आणि रानातल्या वनस्पतींच्या ठायी औषधाचा गुण ठेवला, त्या संगमावरच्या महादेवाला प्रथम वंदन. त्याच्याच देवळाच्या ओवरीत बसून, सुमनबाई, मी तुम्हाला हे लिहीत आहे. बल्लारपूरला तुमच्या घरी तुमच्याच पुण्यानुमोदनाला बसून आलो, त्याला फार दिवस झालेले नाहीत. मी परतलो आणि मागोमाग पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले. आता भामरागडचा रस्ता बंद आहे, फोनला रेंज नाही, आणि श्रावण चालू आहे. तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहून गेले होते. ते काल सोमवारच्या प्रवचनात दिले. परंतु ज्यांनी विचारले त्यांच्यापर्यंत ते पोचले पाहिजे, म्हणून हा लेख.

वनस्पतींच्या ठायी गुण ठेवला, असे वर लिहिले आणि तुमचे हसू आठवले. तुम्ही लगेच म्हणाल्या असत्या, "गुण ठेवला हे मान्य आहे जी गुरुजी, पण तो पाण्यात उतरते का, ते पहिले सांगा."

ज्यांनी तुम्हाला पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चंद्रपूरला आपली घरे भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि तुम्ही औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात. औषध द्रवात विरघळते म्हणजे काय होते, किती विरघळते, किती लवकर विरघळते आणि कशामुळे अडते, एवढाच तुमचा विषय. एवढ्याशा विषयात आयुष्य कसे पुरते, असे मी एकदा विचारले होते. तुम्ही माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणालात, की तुमचे पाणिनीही एवढ्याशाच विषयात बसले होते ना. तुमच्या घरी सकाळी त्रिशरण ऐकू येई, माझ्या घरी संध्या चाले, आणि दोन्ही आटोपले की भिंतीवरून चहाचा कप इकडे येई. त्या चहाइतके सौहार्द मी फार थोड्या ठिकाणी पाहिले.

आपली पहिली मोठी चकमक खलावरून झाली. माझ्या वडिलांचा काळ्या दगडाचा एक खल माझ्याकडे होता. मर्दनाने, म्हणजे घोटण्याने, औषधाचे बळ वाढते, ही माझी बालपणापासूनची श्रद्धा. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक गोळी मी त्या खलात घोटून, मधात कालवून घेत असे. एके सकाळी तुम्ही कप घेऊन आलात आणि मला गोळी घोटताना पाहून दारातच थांबलात. गोळीचे पाकीट हातात घेऊन वाचलेत. मग पाटावर बसून मला समजावलेत, की ह्या गोळीवर मुद्दाम एक आवरण चढवलेले असते. पोटातल्या आम्लात ते टिकते आणि पुढे आतड्यात, जिथे आम्ल ओसरते, तिथे सुटते. आम्लाचे प्रमाण बदलले की पदार्थाचे विरघळणेही बदलते, ह्याचाच तो उपयोग.

"ह्या गोळीले पुढच्या गावाले जायचं आहे," तुम्ही म्हणालात, "आणि तुमी तिले रस्त्यातच उतरवून राह्यले."

मग तो खल तुम्ही पदराआड घेऊन निघून गेलात. जप्त केला, असे गल्लीभर सांगितलेत. मी मागितला की म्हणायच्या, आधी परीक्षा द्या.

ती परीक्षा वर्षानुवर्षे चालली आणि मी तिचा आनंद घेतला. शिकवण्याची तुमची सगळी साधने स्वयंपाकघरात होती. गुळाचा अख्खा खडा एका पेल्यात, तोच चिरून दुसऱ्यात, आणि मी दोन्ही पेल्यांकडे पाहत बसायचे. चिरलेला आधी विरघळला की मी विजयी मुद्रेने म्हणे, हेच मर्दन. तुम्ही मान डोलवायच्या आणि मग हळूच सांगायच्या, की बारीक केल्याने पाण्याला धरायला अधिक अंग मिळते, ढवळल्याने ताजे पाणी त्या अंगाशी येते, म्हणून वेग वाढतो. पण ह्या पेल्यात एकूण किती गूळ मावेल, ती मर्यादा घोटून फारशी हलत नाही. वेग वेगळा आणि मर्यादा वेगळी. माझ्या डोक्यात हा भेद शिरायला एक उन्हाळा लागला. आता वाटते, उपासनेलाही तो लागू आहे. पण हे तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही म्हणाला असता, गुरुजी, विषय बदलू नका.

हळदीच्या बाबतीत मात्र आपले जमले. हळद पाण्यात विरघळत नाही, तिला तूप मानवते, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मी आमच्या वैद्यांचे अनुपान पुढे केले. अमुक औषध मधातून, अमुक तुपातून, अमुक कोमट पाण्यातून, असे जे ते सांगत आले, ते ह्याचसाठी. तुम्ही ते मनापासून मान्य केलेत. फक्त एक अट घातलीत, की प्रत्येकाला आपापले अनुपान शोधून द्यावे लागते, सगळ्यांनाच मध चालत नाही. मी म्हणालो, हे तर शास्त्रातच आहे. तुम्ही म्हणालात, मग तर आपण एकाच वर्गात आहोत.

आणि चुना. ऊब दिली की सगळेच अधिक विरघळते, असे मी एकदा ठामपणे बोलून गेलो. तुम्ही वाद घातला नाही. पानाच्या डब्यातला चुना थंड पाण्यात कालवून ठेवलात, दुसऱ्या दिवशी वरचे नितळ पाणी काढून चुलीवर ठेवलेत आणि मला बोलावलेत. पाणी तापत गेले तसे ते दुधाळ झाले. थंडीत सुखाने विरघळलेला चुना उष्णतेत बाहेर पडू लागला होता. "सगळेच पदार्थ एका स्वभावाचे नसतात," एवढेच बोललात आणि मला चहा दिलात. प्रकृतिभेद हा शब्द मी जन्मभर शिकवला. तो डोळ्यांनी पाहिला तुमच्या चुलीवर.

निवृत्तीनंतर मी पत्नीसह इकडे, ह्या महादेवाच्या सेवेला आलो. तुम्हीही निवृत्त होऊन मुलाकडे बल्लारपूरला गेलात, पण विद्यार्थ्यांचे शिबिर घेऊन दर वर्षी येत राहिलात. एका वर्षी शिबिर उठल्यावर तुम्ही आमच्याकडे चार दिवस राहायचे ठरवलेत. पाणी लवकर चढले आणि तुमचा मुक्काम लांबला. सगुणाच्या मुलीचे आजारपण त्याच मुक्कामातले. त्याबद्दल आपण पुढे पुष्कळ बोललो, परंतु तुमचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले.

सगुणा म्हणजे देवळामागच्या ढिवरांच्या घरातली सून. नवरा नदीत जाळे टाकतो, ती मासळी विकते. तिची धाकटी राधी तेव्हा जेमतेम चालू लागली होती. तिला ताप भरला आणि छाती भात्यासारखी हलू लागली. उपकेंद्रातल्या सिस्टरने वेळेवर पाहिले, औषधाची भुकटी बाटलीत पाणी घालून कालवून दिली, किती आणि केव्हा पाजायचे ते सांगितले. तरी पोर सुधारेना. तिसऱ्या सकाळी ती दूधही घेईना. मोठा दवाखाना नदीपलीकडे, पूल पाण्याखाली. सगुणाचा नवरा डोंगा काढायला निघाला. घाटावरचे जाणते ढिवर त्याला धरून होते, कारण त्या धारेत डोंगा पालथा होणार हे त्यांना दिसत होते. नेले तर पाणी पोरीला गिळेल आणि न नेले तर ताप. त्या अंगणात उभे राहून मी मृत्युंजयाचा जप करीत होतो आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तुम्ही आत गेलात. तुम्ही डॉक्टर नव्हता आणि तसे कधी भासवले नाही. तुम्ही फक्त बाटली मागितलीत, आणि बाटलीबरोबर सगुणाने कोनाड्यातली झाकलेली वाटी पुढे केली. वाटीत वर पाणी नितळ होते आणि तळाशी पांढरा थर. तुम्ही बराच वेळ त्या वाटीकडे पाहिलेत. मग भलताच प्रश्न विचारलात, नदीचे पाणी प्यायला कसे करता म्हणून.

सगुणाला तो प्रश्न सोपा होता. पावसाळ्यात नदी चिखलाची होते, तेव्हा इकडची प्रत्येक सून काय करते ते तिने सांगितले. मडक्याच्या आतल्या अंगाला निवळीचे बी घासायचे, पाणी भरून झाकून ठेवायचे, गाळ तळाशी बसला की वरचे नितळ अलगद दुसऱ्या मडक्यात ओतायचे. औषधही तिने त्याच काळजीने केले होते. झाकणभर औषध वाटीत घ्यायचे, थोडे पाणी घालायचे, झाकून ठेवायचे, आणि वरचे स्वच्छ तेवढे पाजायचे. तळाचा पांढरा गाळ पायदळी जाऊ नये म्हणून तो तुळशीच्या मुळाशी.

"लेकराले गढूळ कसं पाजू, बाई?" ती म्हणाली. "वरचं वरचं नितळ तेवढंच पाजलं आमी."

तुम्ही तिला रागावला नाहीत, की 'अरेरे' म्हणाला नाहीत. तिचा हात धरून म्हणालात, "पाण्याचं तुझं बरोबर आहे वो माय. पण ह्या वाटीत उलटं आहे. खाली बसलं ना, तेच औषध."

आणि मग त्या माऊलीला समजेल अशा शब्दांत तुम्ही सांगितलेत. हे औषध फार कडू. पाण्यात विरघळले तर जिभेला लागणार आणि लेकरू थुंकून टाकणार. म्हणून बनवणाऱ्यांनी त्याचे असे रूप घेतले, की ते बाटलीत विरघळत नाही, नुसते तरंगत राहते. पोटात गेल्यावर तिथल्या रसात विरघळते. म्हणून पाजायच्या आधी बाटली जोराने हलवायची, आणि तळ वर आला की लगेच पाजायचे. जिभेवर न विरघळणे ही त्या औषधाची लेकरावरची माया आहे, असे तुम्ही म्हणालात. रसायनाच्या बाईंच्या तोंडून असे वाक्य येईल, असे मला वाटले नव्हते.

निर्णय सिस्टरने घेतला. तिने मुलीला पुन्हा तपासले, नवी बाटली काढली, हलवून आपल्या देखत औषध पाजले आणि ती रात्र तिथेच राहिली. सगुणाच्या नवऱ्याला तुम्ही म्हणालात, डोंगा घाटावर बांधून ठेवा, आत्ता सोडू नका आणि काठावर ओढूनही ठेवू नका, लागलाच तर तयार असू द्या. सकाळी भाता मंदावला. त्यापुढच्या दिवशी राधीने माझ्या प्रसादाचे केळे हिसकावून घेतले आणि अंगणातली सगळी माणसे हसली. सगुणाने तुम्हाला मासळी आणली. आमच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात ती शिजणार नव्हती, म्हणून तुम्ही तिच्याच घरी जेवायला गेलात आणि परत येऊन मुद्दाम माझ्याजवळ बसून हाताचा वास घेत राहिलात.

त्या संध्याकाळी आपला शेवटचा वाद सुरू झाला. वर्षानुवर्षे मी श्रावणात निवळीचा दृष्टांत सांगत आलो आहे. संस्कृतात तिला कतक म्हणतात. गढूळ पाणी म्हणजे आपले चित्त, निवळी म्हणजे ज्ञान. ज्ञानाचा स्पर्श झाला की मल तळाशी बसतो आणि चित्त नितळ होते. इथल्या बायांना तो दृष्टांत फार प्रिय, कारण त्यांच्या मडक्यातलाच आहे. तुम्ही म्हणालात, त्याच प्रवचनात औषधाची बाटली दाखवा. मी म्हणालो, हा अध्यात्माचा दृष्टांत आहे, त्यात दवाखाना कसा आणू? शिवाय तो उलटा होईल. तळाचे ते त्याज्य, हे सांगायचे आणि तळाचे तेच ग्राह्य, हेही सांगायचे, तर ऐकणाऱ्याने काय धरावे?

"तुमचा दृष्टांत इतका चांगला आहे, म्हणूनच सांगून राह्यली," तुम्ही म्हणालात. "सिस्टरचं बोलणं कानात राह्यते. तुमचं घरात राह्यते."

मी विचार करतो म्हणालो. पुढे सिस्टर प्रत्येक आईला स्वतः बाटली हलवून दाखवू लागली, त्यामुळे निकड सरली असे मला वाटले. तुम्हाला वाटले नाही. दर वर्षी फोनवर विचारायच्या, सांगितले का. मी म्हणायचो, दृष्टांत अजून बसत नाही. तुम्ही म्हणायच्या, बसू नका देऊ, हलवा. ह्या ज्येष्ठात शेवटचे बोललो तेव्हा तुमचा आवाज बारीक झाला होता. तुम्ही प्रकृतीबद्दल काही बोलला नाहीत. राधी कितवीत गेली ते विचारलेत, आणि मग तेच, सांगितले का. माझे उत्तर अर्धे असताना रेंज गेली. त्यानंतर तुमच्या मुलाचाच फोन आला.

बल्लारपूरला तुमचे छायाचित्र पांढऱ्या फुलांत होते. भंतेजींचे पालीतले शब्द मला बरेचसे कळत होते, आणि तुमच्या घरात बसून ते कळत आहेत ह्याचे मला समाधान वाटले. सगळे आटोपल्यावर सून चहा घेऊन आली. वेलदोड्याचा वास ओळखीचा होता. आत डोकावलो तर ओट्यावर माझ्या वडिलांचा खल. तुम्ही त्यात इतकी वर्षे चहाचे वेलदोडे कुटत होता आणि तोच चहा भिंतीवरून मला पाठवीत होता. सून ओशाळून म्हणाली, घेऊन जा गुरुजी, आई म्हणत होती तुमचा आहे. मी म्हणालो, राहू दे. परीक्षा अजून पूर्ण झालेली नाही.

ती पूर्ण झाली ह्या श्रावणात, आमच्याच मोरीत. परवा पत्नीने नितळ पाणी ओतून घेतले आणि मडके धुवायला ठेवले. सहज आत पाहिले. तळाशी नदीचा तांबूस चिखल होता, आणि त्या चिखलात मिसळून निवळीची फिकट उगाळ. जिने पाणी स्वच्छ केले, तीही तळाशीच जाऊन बसली होती. वर तरंगत राहिली असती तर पाणी तिच्यामुळेच गढूळ दिसले असते. हे मी जन्मभर शिकवले होते, की ज्ञान आपले काम करून स्वतःही शांत होते. पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. तळाशी गेले ते सगळेच टाकाऊ, असे मूळ दृष्टांतही म्हणत नव्हता. जिने पाणी नितळ केले तीही तिथेच असते. तळाकडे पाहून, ओळखून मग ठरवायचे. तुमच्या बाटलीला त्या दृष्टांतात आधीपासून जागा होती, सुमनबाई. मी व्यर्थ दार अडवून बसलो होतो.

काल प्रवचनाला मंडप भरलेला होता. शेतातून आलेल्या बाया, घाटावरच्या बाया, त्यांच्या कडेवरची मुले. मी निवळी सांगितली, चित्त सांगितले, मग सिस्टरकडून आणलेली बाटली पिशवीतून काढली. तळाशी पांढरा थर बसला होता. तुमचे नाव घेतले, आणि ह्या बाटलीच्या तळाशी गाळ नसतो, औषध असते, असे म्हणून बाटली हलवू लागलो. माझा हात अभिषेकाला सरावलेला. थर जागचा हलेना. बायकांत खसखस पिकली. सगुणा उठली.

"गुरुजी, तुमच्यानं नाई होत. आणा इकडं," ती म्हणाली, आणि बाटली माझ्या हातातून घेऊन तिने अशी हलवली की बांगड्या वाजल्या. "असं. खालचं समदं वर आलं पायजे. मंग लगेच पाजाचं, ठेवाचं नाई." मग बाटली सगळ्यांना फिरवून दाखवत तिने आवाज चढवला. "आन् वरचं वरचं पाजान, तं माह्यासारखं रडान."

बाटली मंडपभर फिरली. प्रत्येकीने ती हलवून पाहिली, कोणी उजेडाकडे धरून तळ तपासला. शेवटी ती राधीच्या हातात आली. तिला ह्यातले काही आठवत नाही. तिने ती हलवली, तळ बोटाने दाखवला आणि म्हणाली, काहीच उरलं नाई. मी पुढचे निरूपण सोडून आरतीला सुरुवात केली, कारण त्याहून चांगला समारोप मला येत नव्हता.

तुमच्या प्रश्नाचे हे उत्तर. उशिराने दिले, पण पूर्ण दिले. आपले देव वेगळे होते आणि पुढच्या प्रवासाबद्दलही आपले मत एक नव्हते, म्हणून तुम्ही आता कुठे आहात ह्यावर वाद घालत नाही. एवढे मात्र सांगतो, की ह्या गावाचे पाणी तुम्ही निवळलेत आणि निवळीसारख्याच शांत होऊन तळाशी गेलात. मी तुमचा ऋणी आहे, आणि हे ऋण फिटू नये अशी माझी इच्छा आहे.

वाचणाऱ्या सुजनांनो, तो संगमेश्वर तुमच्या घराला सुखाचे ठेवो. तुमच्या मडक्यात पाणी नितळ असो. लेकराच्या आजारात घरी जो कोणी औषध पाजील, त्याच्या हाताला पाजण्याआधी तळ हलवण्याची आठवण राहो, आणि तुमच्या घरातले लेकरू दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हातातले केळे हिसकावून घेण्याइतके बरे होवो. तथास्तु.